केंद्रापासून मोजावे

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ते स्थानक विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर, अशी या वस्तीची ठेवण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे जी लष्करी छावणी उभारली गेली, तीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी आश्रय घेतला, १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि पुढे याच परिसरात गल्लोगल्ली लहान लहान कारखाने उभे राहिले. पुढे अंबरनाथला आयुध निर्माणी आणि १९५३ साली स्थापन झालेला यंत्र-हत्यारांच्या नमुन्यांचा सरकारी कारखाना, अलीकडे डोंबिवलीचे औद्योगिक क्षेत्र, आणि त्याहून अलीकडे १९६२ साली जन्मलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत ठरलेली ठाण्याची वागळे इस्टेट, असा हा सगळा पट्टाच लोखंडाला आकार देण्याच्या उद्योगावर वाढलेला आहे. येथल्या गाळ्यांत दिवसभर जे काही घडते, त्यात गोल वस्तूंचा वाटा फार मोठा असतो: पुली, बुश, गिअर, शाफ्ट, फ्लँज. आणि यांतील प्रत्येक वस्तू लोखंडात उतरण्यापूर्वी कोणीतरी, कोठेतरी, संगणकाच्या पडद्यावर वर्तुळ म्हणून काढलेली असते.

हे वर्तुळ काढणे म्हणजे काय, आणि त्यावर मापे लिहिणे म्हणजे काय, हे सामान्य वाचकाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. कारण त्याच्या घरातील पाण्याच्या पंपापासून तो रोज ज्या गाडीने कामावर जातो तिच्या चाकापर्यंत सर्वत्र या विद्येचा संबंध पोहोचलेला आहे, आणि त्याच्या शेजारपाजारची कित्येक मुलेमुली आज हीच विद्या शिकण्यासाठी संध्याकाळच्या वर्गांना जात आहेत.

बैलगाडीचे चाक करणाऱ्या सुताराला कधी नकाशा लागला नाही. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांना कवेत घेणारे पाटे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, हे सर्व त्याच्या हातात आणि नजरेत होते. खिळा रोवून, त्याला सुतळी बांधून तो वर्तुळ आखी, आणि ज्याने ते मनात योजिले त्याच्याच हाताने ते घडत असल्यामुळे दुसऱ्या कोणास काही सांगण्याचा प्रसंग येत नसे. परंतु योजणारा एक, घडवणारा दुसरा आणि जुळवणारा तिसरा, अशी विभागणी ज्या दिवशी झाली, त्या दिवसापासून या तिघांमध्ये एक दस्तऐवज आवश्यक झाला. यंत्राचे ड्रॉइंग हा तो दस्तऐवज होय. त्यातील मजकूर असा असावा लागतो की, तो लिहिणाऱ्याला विचारण्याची सोय नसतानाही वाचणाऱ्याला त्याचा एकच अर्थ लागावा.

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात या विद्येला एक मानाचे स्थान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्याच्या इच्छेने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग ओळखण्यात त्यांची दृष्टी उणी पडते असे आढळल्याने त्यांना रंगांची वाट सोडावी लागली, आणि ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हाच विषय शिकवला. पुढे लोखंडी नांगर घडवणाऱ्या आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या या पुरुषाची पहिली शिकवणूक रंगाविना, केवळ रेषेने आणि मापाने वस्तू सांगण्याची होती, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे.

त्या काळी व त्यानंतरही पाऊणशे-शंभर वर्षे हे काम ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, गुण्या, कंपास आणि कर्कटक यांनी चाले. कंपासची सुई कागदात रुते, तेथे केंद्राचे भोक पडे. एकाच केंद्रातून पाच-सहा समकेंद्री वर्तुळे काढायची असली तर ते भोक मोठे होई, आणि शेवटचे वर्तुळ पहिल्याइतके खरे उतरत नसे. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या संशोधकाने 'स्केचपॅड' नावाच्या आपल्या प्रबंधात संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेषा आणि वर्तुळकंस काढून दाखवले, आणि १९८२ च्या अखेरीस साध्या, मेजावर मावणाऱ्या संगणकावर चालणारे ऑटोकॅड बाजारात आले. आज विठ्ठलवाडीच्या एखाद्या पोटमाळ्यावरील कचेरीतही ड्रॉइंग बोर्ड दिसत नाही. संगणक असतो, आणि भिंतीला टेकलेला जुना बोर्ड असलाच तर त्याच्यावर नोंदवह्या ठेवलेल्या असतात.

संगणकापुढे बसलेला रेखक वर्तुळ कसे काढतो ते पाहू. तो प्रथम मापाची एकके आणि कागदाची मर्यादा ठरवतो. मग निरनिराळ्या प्रकारच्या रेषांसाठी निरनिराळे स्तर, म्हणजे लेयर, करतो. वस्तूची दिसणारी कड जाड अखंड रेषेने, झाकलेली कड तुटक रेषेने, मापाच्या रेषा बारीक अखंड, आणि केंद्ररेषा एक लांब तुकडा व एक आखूड तुकडा अशा क्रमाने जाणारी बारीक साखळीरेषा. केंद्ररेषा ही लोखंडात कोठेच नसते. ती फक्त कागदावर असते, आणि तरीही जाणता रेखक तीच सर्वांत आधी काढतो. दोन केंद्ररेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे वर्तुळाचा जन्म होतो.

त्यानंतर 'सर्कल' ही आज्ञा दिली की संगणक आपल्याला विचारतो: केंद्र कोठे, आणि त्रिज्या किती? त्रिज्येऐवजी व्यास देण्याची मुभा आहे. केंद्र ठाऊक नसेल, पण परिघावरील तीन बिंदू ठाऊक असतील, तर त्यांवरूनही वर्तुळ निघते. दोन रेषांना स्पर्श करणारे ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ हवे असेल तर तेही निघते. शाळेतील भूमितीत जीवांचे लंबदुभाजक काढून आपण जे केंद्र शोधीत होतो, तेच काम येथे निमिषार्धात होते. 'ऑब्जेक्ट स्नॅप' नावाची सोय असल्याने नवे वर्तुळ जुन्याच्या नेमक्या केंद्रावर बसते, आणि कंपासच्या भोकाची जुनी अडचण राहत नाही. काही वेळा पडदा जवळ ओढला असता वर्तुळ अनेक लहान रेघांचे बनल्यासारखे कोनाकोनांचे दिसते आणि नवशिका घाबरतो. परंतु तो केवळ पडद्यावरचा देखावा असतो. संगणकाच्या दफ्तरात त्या वर्तुळाची नोंद केंद्र आणि त्रिज्या अशीच असते, आणि 'रीजेन' ही आज्ञा देताच त्याची कड पुन्हा गुळगुळीत दिसू लागते.

आता एक वस्तू प्रत्यक्ष घेऊ. दोन नळ किंवा दोन शाफ्ट एकमेकांना जोडण्यासाठी जी गोल तबकडी वापरतात तिला फ्लँज म्हणतात. समजा, तिचा बाहेरचा व्यास १६० मिलिमीटर, मधल्या उंचवट्याचा ८०, आरपार भोकाचा ४०, आणि बोल्टसाठी ११ मिलिमीटरची सहा भोके १२० मिलिमीटर व्यासाच्या एका काल्पनिक वर्तुळावर समान अंतराने पाडायची आहेत. या काल्पनिक वर्तुळास पिच सर्कल म्हणतात आणि कारखान्यात त्याच्या व्यासाचा उल्लेख 'पीसीडी' या तीन अक्षरांनीच होतो. संगणकावर हे चित्र काढावयास पाच मिनिटेही लागत नाहीत: समकेंद्री वर्तुळे काढावीत, पिच सर्कल साखळीरेषेने आखावे, त्यावर एक लहान भोक काढावे आणि 'पोलर ॲरे' या आज्ञेने त्याच्या सहा प्रती केंद्राभोवती फिरवाव्यात. चित्र तयार होते; पण ड्रॉइंग अजून झालेले नसते, कारण खरे काम मापे देण्याचे, आणि ते येथून सुरू होते.

मापलेखनाचा पहिला शिरस्ता असा की, पूर्ण वर्तुळाला व्यास द्यावा आणि अपुऱ्या कमानीला त्रिज्या द्यावी. व्यासाच्या आकड्यापूर्वी Ø ही खूण, म्हणजे शून्यातून आडवी गेलेली तिरकी रेघ, आणि त्रिज्येपूर्वी त्रिज्यादर्शक अक्षर लिहावे. हा नियम कोणा पंडिताच्या लहरीतून आलेला नसून तो कामगाराच्या हातातून आलेला आहे. गोल वस्तू मोजावयाची ती व्हर्निअरने किंवा मायक्रोमीटरने. या दोन्ही साधनांचे जबडे वस्तूच्या दोन्ही अंगांना टेकतात, म्हणजे ती व्यास मोजतात. भरीव लोखंडाच्या आत केंद्रावर बोट ठेवून त्रिज्या मोजता येत नाही. उलट, कोपऱ्यावरच्या गोलाईचा व्यास मोजण्यास समोरची बाजूच नसते. तेथे त्रिज्येची गेज लावून पाहतात, म्हणून तेथे त्रिज्या. जे माप कारागीर घेऊ शकत नाही ते त्याला सांगू नये, एवढ्या एका वाक्यात या शास्त्राचा निम्मा भाग येतो.

त्या तिरक्या रेघेच्या खुणेचा आणखी एक उपकार आहे. शाफ्टसारखी वस्तू बाजूने पाहिली तर ती केवळ आयत दिसते. तो आयत चौकोनी दांड्याचा आहे की गोल दांड्याचा हे कळण्यासाठी एरवी दुसरे चित्र काढावे लागले असते, परंतु आकड्याआधी ती खूण पडली की वाचणाऱ्याची खातरजमा होते. म्हणूनच समकेंद्री व्यास समोरच्या, वर्तुळे दिसणाऱ्या चित्रात कोंबण्यापेक्षा बाजूच्या छेदचित्रात लिहिण्याची पद्धत आहे. समोरच्या चित्रात पीसीडी, भोकांची संख्या आणि त्यांतील कोन एवढेच ठेवावे. भारतीय मानक संस्थेने, जी १९८७ पासून भारतीय मानक ब्युरो झाली, या लेखनाची रीत आपल्या मानकांत बांधून दिलेली आहे. एक माप एकदाच लिहावे, मापाच्या रेषांनी एकमेकींना छेदू नये, आणि लहान लहान मापांची साखळी पूर्ण करून वर एकूण मापही सक्तीचे करू नये, कारण साखळीतील प्रत्येक कडीची बारीक चूक शेवटी एकूण मापाशी भांडण करते.

सहा भोकांच्या अंतराविषयी थोडे सांगणे येथे अवश्य आहे. वर्तुळाची त्रिज्या कर्कटकात धरून परिघावर टप्पे टाकीत गेले तर ते बरोबर सहा बसतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणून १२० च्या पीसीडीवर सहा भोकांतील सरळ अंतर ६० येते. पण भोके पाच असली तर? आठ असली तर? याचे उत्तर आपल्या मातीत फार पूर्वी लिहून ठेवलेले आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृत्यांच्या भुजा काढण्यासाठी काही गुणक दिले आहेत: पंचकोनासाठी ७०५३४, षट्कोनासाठी ६००००, अष्टकोनासाठी ४५९२२, या संख्येने व्यासाला गुणावे आणि १२०००० ने भागावे. ज्यांच्या घराण्याची आठवण सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला, त्या गणितज्ञाने हे आकडे दिले तेव्हा मिलिमीटर आणि मायक्रॉन यांची कल्पनाही कोणास नव्हती. परंतु १२० मिलिमीटर म्हणजेच १२०००० मायक्रॉन. तेव्हा आपल्या या फ्लँजसाठी भास्कराचार्यांचे गुणक म्हणजे थेट मायक्रॉनमधील उत्तरेच होत. पाच भोकांसाठी ७०.५३४ मिलिमीटर, आठांसाठी ४५.९२२. संगणकाला विचारून पाहावे. तोही हेच आकडे दाखवतो.

या सर्व नियमांच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात याच भागातील एका गाळ्यात ते मी शिकलो. वर्गात संगणकावरील रेखन नुकतेच शिकून मी कामास लागलो होतो, आणि अशाच एका फ्लँजचे ड्रॉइंग मला सोपवण्यात आले. बाहेरचा व्यास १६० आणि पीसीडी १२० असल्याने बाहेरच्या कडेपासून भोकाचे केंद्र २० मिलिमीटरवर येते, हा हिशेब बरोबर होता. चित्रातही ते माप मोकळ्या जागेत सुबक बसत होते. म्हणून मी पीसीडी न लिहिता कडेपासून २० असे लिहिले. परंतु ती कड ओतीव होती, तिला लेथवर फिरवावयाचे नव्हते, आणि साच्यातून आलेल्या ओतीव कामाचा व्यास कोठे १६१ तर कोठे १६३ भरत होता. आखणी करणाऱ्याने माझ्या हुकुमाप्रमाणे कडेपासूनच २० मोजून खुणा केल्या, त्यावर पंच मारला आणि भोके पाडली. जेथे व्यास १६३ होता तेथे भोक केंद्रापासून ६० ऐवजी ६१.५ वर गेले. ११ च्या भोकात १० चा बोल्ट असला तर समोरासमोरची भोके एक मिलिमीटरपर्यंत सरकलेली चालतात, दीड चालत नाहीत. बारा फ्लँज जुळवणीला आले, आणि बोल्ट आत जाईनात.

गाळ्यातील वयस्क टर्नर, ज्यांना आम्ही सारे काका म्हणत असू, त्यांनी मला बोलावले. मला वाटले ते रागावतील. त्यांनी एक फ्लँज उचलून लेथच्या चकमध्ये धरला, मधल्या भोकावरून तो मध्याला लावला, आणि यंत्र हळूच फिरवले. भोक जागच्या जागी स्थिर फिरत होते, आणि बाहेरची कड हत्याराच्या टोकापुढून कधी जवळ येई, कधी लांब जाई.

"बघ पोरा," ते म्हणाले, "कड साच्यानं दिलीय, तिचा भरवसा नाही. भोक मी फिरवून काढलंय. मोजायचं तर मधून मोज."

लेथला वर्तुळ काढता येते ते याच कारणाने. वस्तू एका अक्षाभोवती फिरते, हत्यार त्या अक्षापासून एका अंतरावर स्थिर राहते, आणि जे काही कापले जाते ते आपोआप त्या अक्षाभोवती गोल होते. अक्ष आणि अंतर यांपलीकडे त्या यंत्राला काही ठाऊक नाही. हत्यार एक मिलिमीटर आत सरकले की व्यास दोन मिलिमीटरने घटतो. म्हणून ज्या पृष्ठभागावर यंत्राचे काम झालेले आहे, आणि ज्याच्या आधाराने वस्तू शेवटी बसणार आहे, तेथून मापे सुरू करावीत; गोल वस्तूत ती जागा बहुधा मधला अक्षच असतो. आधीच काढलेली ती केंद्ररेषा, जी लोखंडात कोठेच नसते, तिचे महत्त्व मला त्या दिवशी कळले.

मापाला जोडून येणारी दुसरी जबाबदारी म्हणजे सवलतीची, जिला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. भोक ४० मिलिमीटरचे असा नुसता हुकूम जगातील कोणताही कारागीर तंतोतंत पाळू शकत नाही. किती कमीजास्त चालेल ते सांगावे लागते. भारतीय मानक क्रमांक ९१९ मध्ये याची कोष्टके आहेत. त्यांतील एच-७ ही सवलत ४० च्या भोकाला दिली तर ते ४०.००० पासून ४०.०२५ पर्यंत कोठेही चालते; त्यात अलगद फिरणाऱ्या शाफ्टला जी-६ दिली तर तो ३९.९७५ ते ३९.९९१ यांच्यामध्ये असावा लागतो. म्हणजे दोहोंमधील मोकळीक कमीत कमी नऊ आणि जास्तीत जास्त पन्नास मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो हे ध्यानात घेतले म्हणजे या अक्षर-आकड्यांच्या जोडीत केवढा बारकावा सामावला आहे याची कल्पना येते. पण जेथे गरज नाही तेथेही अशी कडक सवलत लिहिणे हा कारागिराच्या वेळाचा आणि मालकाच्या पैशाचा अपव्यय आहे. आपल्या फ्लँजच्या बाहेरच्या ओतीव कडेला एच-७ लिहिणाऱ्याने फ्लँज कधी हातात घेतलेला नाही असे खुशाल समजावे.

संगणकाने या कामात एक नवा मोहही आणला आहे, त्याविषयी तरुणांना स्पष्ट इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. संगणकावर माप देताना आकडा आपण लिहीत नाही. वर्तुळाला हात लावला की संगणकच त्याचा खरा व्यास वाचून लिहितो, आणि वर्तुळ बदलले की आकडाही बदलतो. परंतु तो आकडा पुसून त्याजागी हाताने दुसरा आकडा टंकण्याची मुभाही आहे. ग्राहकाने ऐन वेळी पीसीडी ११८ चा १२० करावयास सांगितला, पुन्हा भोके फिरवण्याचा कंटाळा आला, आणि केवळ आकडा बदलून कागद पाठवून दिला, असे घडते. पूर्वी कागद वाचून काम होई तेव्हा हे निभावून जाई. आज तीच फाइल थेट लेझर कापणीच्या किंवा संगणकनियंत्रित यंत्राकडे जाते, आणि ते यंत्र आकडा वाचीत नाही, वर्तुळ वाचते. ते ११८ वरच भोके पाडते. कागदावर १२०, लोखंडात ११८: हा खोटा दस्तऐवज होय, आणि त्याची शिक्षा तो लिहिणाऱ्याला नव्हे, तर जुळवणीला बसलेल्या निरपराध माणसाला भोगावी लागते.

संगणकामुळे वर्तुळ काढणे सोपे झाले, ही गोष्ट आनंदाचीच आहे. ज्या मुलीचा हात कंपासवर थरथरला असता, तीही आज निर्दोष वर्तुळ काढू शकते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील आरेखकाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास किंवा स्थानकाजवळच्या खासगी वर्गांना जाणाऱ्या शेकडो मुलांपुढे त्यामुळे पोटापाण्याची एक चांगली वाट उघडली आहे. तथापि कोणते माप द्यावे, कोठून द्यावे आणि किती कडक द्यावे, या तीन प्रश्नांची उत्तरे कोणतीच आज्ञा देत नाही. ती उत्तरे लेथपाशी उभे राहिल्यावाचून सापडत नाहीत.

म्हणून ज्यांची मुले ही विद्या शिकत आहेत त्या पालकांना, आणि ती शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे: वर्गाची फी भराच, परंतु महिन्यातून एक दिवस मुलांना जवळच्या एखाद्या गाळ्यात न्या. त्यांच्या हातात व्हर्निअर द्या, त्यांनी पडद्यावर काढलेली वस्तू लोखंडात होताना त्यांना पाहू द्या, आणि तिचे माप त्यांनाच घेऊ द्या. भोकाचा व्यास ज्याने स्वतःच्या हाताने एकदा मोजला, तो कडेपासूनचे माप पुन्हा लिहीत नाही.